दोन डोळ्यांमधलं अंतर

उजव्या हाताची तर्जनी डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा. नजर बोटावर नको, पलीकडच्या खिडकीवर ठेवा. आता डावा डोळा मिटा. उघडा आणि उजवा मिटा. बोट जागचं हललेलं नाही, तरी खिडकीच्या चौकटीवर ते इकडून तिकडे उडी मारतं. घाई न करता चार-सहा वेळा करून पाहा. मग बोट नाकाजवळ आणा, म्हणजे उडी मोठी होईल. हात लांब करा, म्हणजे ती लहान होईल.

जी वस्तू मोठी उडी मारते ती जवळची, जी लहान उडी मारते ती लांबची. हा हिशेब मेंदू अगदी तान्हेपणापासून मांडत आला आहे आणि तो आपल्याला कधी जाणवू देत नाही. सुईत दोरा ओवताना, चहाचा कप उचलताना, लोकलच्या पायरीवर पाऊल टाकताना तो चालूच असतो. डाव्या डोळ्याला एक चित्र मिळतं, उजव्याला जरासं वेगळं, आणि त्या वेगळेपणातून समोरची जागा उभी राहते. थोडा वेळ एवढ्यावरच मन ठेवा. जग खोल आहे हे आपल्याला कुठल्याही एका डोळ्याने इतक्या नेमकेपणाने सांगितलेलं नाही. दोघांच्या सांगण्यात जो फरक पडला, त्यातून ते कळलं.

आता मनाने गच्चीवर चला. डोंबिवली किंवा कल्याण पूर्वेची कुठलीही उंच गच्ची चालेल. पाऊस नुकताच उघडलेला असावा, हवा धुतलेली असावी. आग्नेयेकडे मलंगगडाचे सुळके दिसतात आणि त्यांच्यामागे ताहुली-चंदेरीची रांग. आता तोच खेळ गडाशी करा. डावा डोळा मिटा, उजवा मिटा. गड हलत नाही. कितीही वेळा डोळे मिटले तरी तो तसूभरही सरकत नाही.

हे का होतं ते आकड्यांत पाहू. माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर असतं आणि गड इथून सुमारे चौदा किलोमीटरवर आहे. एवढ्या दूरच्या गोष्टीकडे पाहताना दोन डोळ्यांच्या नजरांत जेमतेम एका विकलेचा, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचा, कोन पडतो. तो ओळखणं आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. दोन डोळ्यांनी मिळणारी खोली काही शे मीटरांपर्यंत पुरते. त्यापुढे आपण अंदाजाने पाहतो. जे धूसर ते लांबचं, जे झाकलं गेलं ते मागचं, जे लहान दिसतं ते दूरचं. मलंगगड आणि चंदेरी यांच्यामध्ये किती मोकळी हवा आहे, किती दऱ्या आहेत, हे आपल्याला माहीत असतं, पण दिसत नाही. नजरेला ती रांग कागदातून कापलेल्या पट्टीसारखी सपाट मिळते. वर्षानुवर्षं या डोंगरांकडे बघत राहिलेल्या माणसालाही त्यांची खोली दिसलेली नसते.

मग डोळेच एकमेकांपासून लांब नेले तर?

१८३८ साली चार्ल्स व्हीटस्टोनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिलं की, किंचित वेगळी अशी दोन सपाट चित्रं आरशांच्या मदतीने एकेका डोळ्याला स्वतंत्र दाखवली तर मन त्यांतून भरीव वस्तू घडवतं. त्याची चित्रं हाताने काढलेली होती, कारण फोटोग्राफी तेव्हा जेमतेम जन्माला येत होती. फोटो आले आणि एक नवी मोकळीक मिळाली. आपले डोळे कवटीत साडेसहा सेंटिमीटरवर बसवलेले आहेत, कॅमेरे मात्र हवे तितके लांब ठेवता येतात. घरी बनवलेल्या रुंद रिगमागचा, म्हणजे दोन कॅमेरे एकमेकांपासून लांब धरणाऱ्या सांगाड्यामागचा, विचार एवढाच आहे. ती रिग आता सावकाश, एकेक भाग मनात जोडत उभी करू.

सरकत्या खिडक्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन विकणारी दुकानं ठाण्यापासून कल्याणपर्यंत जागोजागी आहेत. तिथून चौकोनी नळीचा साडेसहा फुटी, म्हणजे साधारण दोन मीटरचा तुकडा कापून घ्या. दोन्ही टोकांना एकेक भोक पाडा. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची स्क्रू लागतो, इंचाला वीस आट्यांचा. तसे दोन स्क्रू आणि विंग नट घ्या. नळी हातात धरली की एक गोष्ट लगेच कळते. ती मधोमध तोलली तर टोकं लवतात, टोकांवर टेकवली तर मध्ये झोल पडतो. दोन मीटर अंतरावर डोळ्याला न दिसणारा झोलही कॅमेऱ्यांच्या नजरा एकमेकींपासून फिरवतो. म्हणून नळी उभी धरावी, रुंद बाजू उभ्या पातळीत. आधार मधल्या एकाच ट्रायपॉडवर न देता दोन ठिकाणी द्यावा आणि नळीवर पाणसळ ठेवावी.

पाणसळीतल्या बुडबुड्याकडे थोडा वेळ पाहत राहा. तो मध्यावर यायला वेळ घेतो. एक टोक केसभर उचललं की तिकडे पळतो. त्याच्यावर इतकं अवलंबून का राहायचं? आपले डोळे आडव्या दिशेने एकमेकांकडे वळू शकतात, जवळचं पाहताना तेच करतात. पण एक डोळा वर आणि एक खाली, असं त्यांना जवळजवळ करता येत नाही. दोन चित्रांत आडवा फरक असेल तर मन त्याची खोली करतं. उभा फरक असेल तर मात्र डोकं दुखतं आणि चित्रं जुळत नाहीत. दोन्ही कॅमेरे आधी एका उंचीवर आले पाहिजेत, बाकी सगळं त्यानंतर.

मग दिशा. दोन्ही कॅमेरे एकाच वस्तूकडे तिरके वळवण्याचा मोह होतो. तो आवरावा. तिरक्या कॅमेऱ्यांत दृश्याची एकच कड दोन चित्रांत वेगवेगळ्या मापाची होते आणि कोपऱ्यांत नको असलेला उभा फरक शिरतो. कॅमेरे समांतर हवेत. ते समांतर आहेत हे ठरवायला आपल्याजवळ उत्तम साधन आहे. मलंगगडाचा सुळका दोन्ही पडद्यांवरच्या जाळीत एकाच चौकटीच्या एकाच कोपऱ्यावर आणा आणि विंग नट आवळा. गड इतका लांब आहे की दोन मीटरच्या अंतराने त्याच्या दिशेत सुमारे तीस विकलांचाच फरक पडतो, कॅमेऱ्याच्या लेखी नगण्य. ज्या गडाची खोली डोळ्यांना दिसत नव्हती, त्याच गडाने दोन्ही नजरांना एक दिशा दिली.

इथे थोडं थांबा. दोन मीटर पुरेसे आहेत का? उत्तर एकच नाही. स्टिरिओ छायाचित्रकार एक जुना ठोकताळा वापरतात. चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकं अंतर दोन कॅमेऱ्यांत ठेवावं. समोरच्या माणसाशी दोन मीटरवरून बोलताना आपले साडेसहा सेंटिमीटर नेमके या हिशेबात बसतात. दोन मीटरची नळी साठ मीटरपलीकडच्या दृश्याला शोभते. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावरून पलीकडच्या येऊरच्या डोंगराकडे पाहायला ती चालते, खाडीवरच्या पक्ष्यांना चालते. चौदा किलोमीटरवरचा मलंगगड पुरता उभा करायचा तर कॅमेरे साडेचारशे-पाचशे मीटर लांब न्यावे लागतील. एवढी नळी कुणी कापून देणार नाही.

म्हणून नळी कापण्याआधी स्वतःला विचारायचं असतं की, मला काय पाहायचं आहे आणि ते माझ्यापासून किती लांब आहे? अंतर त्या उत्तरावरून ठरतं. जवळच्या गोष्टीसाठी फार अंतर घेतलं तर दोन चित्रांत काही समान उरतच नाही. एका चित्रातली खिडकी दुसऱ्यात झाडामागे गेलेली असते आणि मन जोडणी सोडून देतं. पनवेलच्या बाजूने काढलेला मलंगगड आणि कल्याणच्या बाजूने काढलेला मलंगगड, दोन्ही खरे, पण त्यांची जोडी लागत नाही. जुळण्यासाठी आधी काही बिंदू दोघांना दिसायला हवेत.

रुंद अंतराची किंमतही मोजावी लागते. दोन मीटर म्हणजे माणसाच्या डोळ्यांच्या तीसपट अंतर. ते चित्र पाहताना आपण नकळत तीसपट मोठे होतो आणि जग तीसपट लहान. घोडबंदर रोडवरचा नव्वद मीटर उंच टॉवर तीन मीटरचा, खोलीत मावेल असा वाटतो. कॅमेऱ्यांत पाचशे मीटर अंतर ठेवून टिपलेला डोंगर दिवाळीत पोरांनी अंगणात केलेल्या किल्ल्याएवढा होतो. प्रत्येक सोंड, प्रत्येक घळ हाताने चाचपावी अशी स्पष्ट, पण भव्यता गेलेली. भव्यता ठेवायची तर खोली सोडावी लागते, खोली हवी तर भव्यतेचा काही भाग द्यावा लागतो. दोन्ही एकाच चित्रात पुरेपूर मिळत नाहीत. काय द्यायचं आणि काय घ्यायचं, हे दर वेळी नव्याने ठरवायचं असतं.

उंची जुळली, दिशा जुळली, अंतर ठरलं. आता क्षण. दोन शटर एकाच वेळी पडली पाहिजेत. दोन बोटांनी दोन बटणं दाबली तर शतांश सेकंदाचा फरक सहज राहतो. ताशी साठ किलोमीटर वेगाची लोकल तेवढ्यात सतरा सेंटिमीटर पुढे जाते. दोन मीटरच्या रिगने काढलेल्या चित्रात ती मग आपल्या खऱ्या जागेवर दिसत नाही, रुळांच्या अलीकडे किंवा पलीकडे तरंगते. म्हणून जाणकार एकाच स्विचवरून दोन्ही कॅमेऱ्यांना तार देतात. कॅननच्या साध्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच मॉडेलांत सीएचडीके नावाचं मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालवता येतं. त्याच्याच आधाराने बनलेलं स्टिरिओ डेटा मेकर खास जोडकॅमेऱ्यांसाठी आहे. यूएसबीच्या वाटे पाच व्होल्टचा इशारा दिला की दोन्ही कॅमेरे बरोबर उडतात. झूम, फोकस, उजेडाचं माप, सगळं दोन्हीकडे सारखं आणि हाताने बांधलेलं असावं. एकाने आपल्या मर्जीने उजेड वाढवला तर डोळ्यांना ते लगेच टोचतं.

एवढ्या तयारीचं फळ पाहायचं तर ठाणे खाडीवर जावं. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेलं. हिवाळा सरत आला की चिखलपट्ट्यांवर गुलाबी रेघ उमटते. एका कॅमेऱ्याच्या फोटोत उडता थवा म्हणजे आकाशावरचे ठिपके. त्यात पुढचा कोण, मागचा कोण, कळत नाही. रुंद जोडीतल्या फोटोत मात्र थव्याला जाडी येते. प्रत्येक पक्षी आपापल्या हवेत सुटा दिसतो आणि दोन पंखांमधली मोकळी जागा मोजता येईल अशी होते. त्या जागेकडे पाहा. ती कुठल्याही एका चित्रात नाही. डाव्यात शोधा, उजव्यात शोधा, सापडणार नाही. तरी ती खरी आहे. पक्षी तिच्यातूनच उडत होते.

चित्रांच्या किंचित फरकातून असं काही उभं करण्याची हौस या परिसराला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचांवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर टाकून खेळ केले. ते खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने गाजले. पुढे त्यांच्या मुलांनीही ही कला चालवली. एकाच आकृतीच्या थोड्या थोड्या बदललेल्या काचा झरझर सरकवल्या की पडद्यावरची माणसं हलू लागत. चलतचित्रपट मुंबईत पोचला तो १८९६ मध्ये. त्याआधीच कल्याणच्या लोकांनी चित्र हलताना पाहिलं होतं. पटवर्धनांची काच आणि आपली नळी एकाच पायावर उभ्या आहेत. किंचित वेगळी दोन चित्रं एकापाठोपाठ दाखवली की मन गती पाहतं. तीच एकेका डोळ्याला एकाच वेळी दाखवली की खोली पाहतं. गती आणि खोली, दोन्ही फरकातूनच येतात.

नळी नसेल तरी चालेल. रोज हजारो लोक एका रुंद रिगमध्ये बसून प्रवास करतात. डोंबिवलीहून स्लो लोकल पकडा, खिडकीशी बसा, दारात नव्हे. दिवा मागे पडलं की मुंब्र्यापाशी एका बाजूला डोंगर अंगावर येतो, दुसऱ्या बाजूला खाडी मोकळी होते. जवळचे खांब झपकन जातात, तिवरं सावकाश सरकतात, पलीकडचे डोंगर बराच वेळ आपल्याबरोबर चालतात. गाडीचा वेग साठ असेल तर सेकंदाच्या अंतराने खाडीपलीकडचे दोन फोटो घ्या. दोघांत सतरा मीटरचं अंतर पडतं. बाहेर पाहताना गाडी तुमच्या उजव्या हाताकडे जात असेल तर पहिला फोटो डाव्या डोळ्याचा, दुसरा उजव्याचा. यांची अदलाबदल झाली तर डोंगराचा खड्डा होतो. आणि ज्यांना एकाच डोळ्याने दिसतं किंवा ज्यांचे दोन डोळे एकत्र काम करत नाहीत, त्यांनाही ही खिडकी खोली देते. धावत्या दृश्यातला फरक हेरायला एक डोळाही पुरतो.

या खिडकीची एक अट आहे. त्या एका सेकंदात जे स्थिर राहिलं तेच खोल दिसतं. डोंगर उभा राहतो, उडून गेलेला बगळा एका डोळ्यात राहतो आणि दुसऱ्यात नसतो, त्याचं भूत होतं. अंतर काळाच्या मदतीने मिळवलं की टिकाऊ तेवढंच हाती लागतं. हलत्या जिवाला त्याच्या जागेवर पाहायचं तर त्याच क्षणी दोन ठिकाणी डोळे हवेत, आणि ते एकट्याला कधीच जमत नाही.

आता मन आणखी लांब नेऊ. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची रेषा साखळीने मोजली आणि तिच्या दोन टोकांवरून कोन घेत हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला. ती रेषा डोंबिवलीहून सरळ टाकली तर मलंगगडाच्या जवळ पोचेल. व्हीटस्टोनने आपलं संशोधन मांडलं त्याच १८३८ साली फ्रीड्रिख बेसेलने पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेलाच रिग केलं. ‘६१ सिग्नी’ हा तारा वर्षभरात किती उडी मारतो ते त्याने मोजलं. पंधरा कोटी किलोमीटरच्या पायावर ती उडी एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी निघाली. आपल्या डोळ्यांना मलंगगडाच्या बाबतीत मिळणारा कोनही साधारण त्याच जातीचा, त्याहून तिपटीने मोठा. सूर्यापलीकडचा तारा किती लांब आहे हे माणसाला विश्वासाने कळलं ते असं. पाहणारा एका जागी खिळून राहिला असता तर ते कधीच कळलं नसतं.

आता नळीवरची ती दोन चित्रं समोर ठेवा आणि त्यांच्याशी एक प्रयोग करा. दोन्ही एकमेकांवर टाकून सरासरी काढा. दोघांना समान न्याय दिल्यासारखं वाटेल, पण हाती येईल ते धुरकट, दुहेरी कडांचं, कुणाचंच नसलेलं चित्र. आता उलट करा. उजवं चित्र चुकीचं ठरवा आणि पुसून टाका. उरेल ते स्वच्छ असेल, पण सपाट. तिसरा मार्ग एकच. दोन्ही जशीच्या तशी ठेवायची, एकेका डोळ्याला त्याचं त्याचं द्यायचं आणि मन जुळवेल तोवर धीर धरायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वेळ लागतो. कडा नाचतात, डोळे शिणतात. मग एकदम जागा उघडते.

घरातली एखादी जुनी गोष्ट आठवा, जी थोरल्या भावाने एक सांगितली आणि धाकटीने वेगळी. किंवा हे आपलं शहर घ्या. इथे भातशेतं पाहिलेला म्हातारा आणि परवा नव्या टॉवरमध्ये राहायला आलेली मुलगी एकाच डोंगररांगेकडे बघतात. आपली सवय अशी की एकाला खोटं ठरवायचं नाहीतर दोघांची गोळाबेरीज करायची. नळीने शिकवलेल्या अटी इथेही लागू पडतात. दोघांना एका उंचीवर ठेवा, एकाला वर आणि एकाला खाली नको. दोघांची दिशा एक असू द्या, नजर एकमेकांवर रोखलेली नको. काही समान बिंदू शोधा. आणि मग दोघांच्या सांगण्यातला फरक पुसू नका, कारण दोघांपैकी एकालाही एकट्याने न दिसलेलं अंतर त्या फरकातच नोंदलेलं असतं. एका माणसाच्या दोन डोळ्यांची झेप काही शे मीटरांची. त्यापुढचं पाहायचं असेल तर आपल्यापासून लांब उभ्या असलेल्या कुणाची तरी नजर लागते.

पाऊस उघडला की एका सकाळी नेवाळीकडच्या मोकळ्या माळावर जा. गड तिथून साधारण सहा-सात किलोमीटरवर येतो, म्हणजे दोनशे मीटर पुरतील. फोन आडवा धरा, झूम करून चौकटीत फक्त डोंगर घ्या, जवळची झाडं नकोत. एक फोटो काढा. गडाकडे तोंड ठेवूनच उजवीकडे दोनशे मीटर चाला आणि सुळका पुन्हा चौकटीत त्याच जागी आणून दुसरा काढा. घरी दोन्ही शेजारी-शेजारी लावा, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि दोन भिंगांच्या साध्या पुठ्ठ्याच्या चष्म्यातून शांतपणे पाहा. दोन्हींतला कुठला चांगला आला हे ठरवत बसू नका. दोन्ही जपून ठेवा.